मोझॅक फरशीचा गोठा

बाविस्कर सरांना फक्त एक खोली बांधायची होती. मजला नाही, बंगला नाही, एक खोली. घराच्या दक्षिण अंगाला, जिथे तोवर शेवग्याचं एक झाड होतं आणि सरांनी दरवर्षी लावलेली नि दरवर्षी न आलेली मिरची. कारण शुभ होतं. मुलाचं, प्रमोदचं लग्न शिंदखेड्याच्या देवचंद आबांच्या शैलाशी ठरत आलं होतं. आबा मोठे शेतकरी, बोलणं मोजकं. देण्याघेण्याचा विषय त्यांनी निघूच दिला नाही, मानपान नको म्हणाले. पण उठताना त्यांनी सरांच्या दोन खोल्यांच्या घराकडे मान वळवून एकदा पाहिलं आणि सांगितलं की पोरीला तिची स्वतःची खोली हवी. बांधून झाली की कळवा, मी येऊन बघतो, मग पत्रिका छापा.

अट वाजवी होती. दोन खोल्यांपैकी एकीत स्वयंपाक आणि देव, दुसरीत सर, कुंदाबाई, प्रमोद, पृथ्वीचा गोल आणि तपासायचे पेपर. नव्या नवरीला त्यात कुठे ठेवायचं हा प्रश्न भूगोलाचाच होता, आणि सर भूगोलाचे शिक्षक होते.

जळगावच्या ज्ञानदीप कॉलनीत त्या काळी, हे नव्वद सालच्या आसपासचं सांगतोय, खोली वाढवायची एक ठरलेली रीत होती. जोडून सुट्ट्या आल्या की विटा टाकायच्या, शनिवारी पाया, रविवारी भिंती, आणि सोमवारी कचेऱ्या उघडेपर्यंत खिडकीत तुळशीची कुंडी. कुंदाबाईंनीही तेच सुचवलं. पण रेडिओचं लायसन सरकारने रद्द केल्यावर जो माणूस दोन वर्षं पोस्टात जाऊन "नक्की रद्द झालं ना?" असं विचारत होता, तो परवानगीशिवाय वीट कशी रचणार? सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला, पायजम्याला क्लिपा लावल्या आणि सायकलवरून नगरपालिका गाठली.

नगररचना विभागात भिंतभर नकाशा लावलेला होता. शहराच्या वाढीव हद्दीचा विकास आराखडा. नकाशा दिसला की सरांना माहेरी आल्यासारखं वाटे. त्यांनी आधी उत्तर दिशा पाहिली, मग प्रमाण, मग सूची. पिवळा म्हणजे रहिवासी विभाग, निळा म्हणजे व्यापारी, हिरवा म्हणजे शेती. मग ते आपलं घर शोधू लागले. ज्ञानदीप कॉलनी सगळी पिवळी होती, फक्त रस्त्यापलीकडची शेवटची ओळ हिरवी होती. शेवटच्या ओळीत एकच घर होतं.

नकाशा रंगवणारा आरेखक गिरधर हा सरांचाच विद्यार्थी निघाला. तो धावत आला, पाया पडला, चहा सांगितला. सरांनी हिरव्या रंगावर बोट ठेवून विचारलं, हे काय? गिरधर आनंदाने म्हणाला, "शेती, सर. तुम्हीच शिकवलं होतं. शेती नेहमी हिरवी."

गुरू म्हणून सरांना धन्य वाटलं आणि घरमालक म्हणून घाम फुटला. इथे माझं घर आहे, बारा वर्षं राहतोय, असं त्यांनी सांगितलं. त्यावर ओव्हरसियर वाघुळदे बोलते झाले. वाघुळदे तरुण, सडपातळ, काखेत कायम एक फाईल. झोपतानाही ती तिथेच असावी असं वाटावं. त्यांनी शांतपणे समजावलं की सरांनी घर बांधलं तेव्हा ती जागा ग्रामपंचायतीत होती, आता ती शहराच्या हद्दीत आली आणि आराखड्यात शेती विभागात पडली. शेती विभागात राहत्या खोलीला परवानगी देता येत नाही. जागेचा विभाग बदलून मिळतो, नाही असं नाही. अर्ज नाशिकला जातो, तिथून पुण्याला, तिथून मुंबईला, आणि तो परत येईतो प्रमोदच्या मुलांच्या मुंजी झालेल्या असतात. शेवटचं वाक्य वाघुळदे बोलले नाहीत, ते सरांनी मनात पूर्ण केलं.

बातमी सरांच्या आधी कॉलनीत पोचली. समोरच्या झुलालभाऊंना आपण पिवळ्यात आहोत हे कळल्यापासून त्यांच्या चालण्यात फरक पडला होता. झुलालभाऊ तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. कायद्याचं बोट धरून माणसाला कुठेही नेऊन सोडण्यात त्यांचा हातखंडा. ते संध्याकाळी सरांच्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले की सर, तुम्ही प्रश्नच चुकीचा विचारलात. शेतात काय बांधता येत नाही हे कशाला विचारायचं? काय बांधता येतं ते विचारा.

शेतात काय बांधता येतं याची यादी त्यांना पाठ होती. विहीर, पंपाची खोली, कोंबड्यांचं खुराडं, स्मशानभूमी आणि गोठा. सरांनी यादीवर बराच विचार केला. सुनेच्या दृष्टीने त्यातल्या त्यात बरा गोठाच होता.

कुंदाबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता त्यांनी एवढंच विचारलं की शैलाला दाव्याने बांधायचं की मोकळं सोडायचं. सरांनी त्यांना समजावलं की हे फक्त कागदावर. कागदावर आपण मूळचे घरातच नाही, शेतात राहतो. तिथे आणखी एका गोठ्याने काय बिघडतं?

इंजिनिअरने नकाशा काढला. तोही मोठा हौशी माणूस. खिडक्यांना त्याने "वायुवीजनासाठी झरोके" म्हटलं. भिंतीतल्या कपाटाच्या जागी "गव्हाण" लिहिली, खोलीला लागून असलेल्या न्हाणीघराला "गुरे धुण्याची जागा" असं नाव दिलं, आणि आरशाच्या कोनाड्यापाशी थोडा अडून शेवटी "पेंड ठेवण्याचे ठिकाण" असं लिहून मोकळा झाला. परवानगी पंधरवड्यात आली. शेती विभागात खरंच शेतीचं बांधकाम मागणारा हा पहिलाच अर्ज असल्यामुळे कचेरीत सगळ्यांना गहिवरून आलं होतं, असं गिरधर पुढे सांगत असे.

खोली झाली, आणि झाली ती देखणी. खाली गुळगुळीत मोझॅक फरशी, भिंतींना गुलाबी डिस्टेंपर, छताला पंखा. पंख्याची निवड प्रमोदने स्वतः दोन दुकानं हिंडून केली होती. कुंदाबाईंचा राग फरशी पुसता पुसता निवळला. सरांनी शिंदखेड्याला पोस्टकार्ड टाकलं, आबांचं उलट टपाली उत्तर आलं की चैत्रातल्या अमुक गुरुवारी येतो. आता सगळं सुरळीत होणार असं वाटत असताना सरांनी, सवयीप्रमाणे, परवानगीचा कागद पुन्हा एकदा वाचला. पाठीमागच्या बाजूला बारीक अक्षरात एक अट होती. बांधकाम पूर्ण झाल्यावर गोठा गोठा म्हणूनच वापरात आहे याची प्रत्यक्ष पाहणी होईल. तसा न आढळल्यास पाडण्यात येईल.

कचेरीत चौकशी केली तर पाहणी आबा येणार त्याच आठवड्यातल्या सोमवारी ठरली होती.

झुलालभाऊंना यात अडचणच दिसेना. सोमवारी सकाळी एक म्हैस आणायची, वाघुळदे साहेबांना दाखवायची, दुपारी परत पाठवायची. कॉलनीला दूध घालणारा वना त्यांच्या ओळखीचा होता. तो आपली जमना घेऊन यायला लगेच तयार झाला. जमना काळीभोर, अंगाने भरलेली आणि चेहऱ्याने विचारी. पोट जरा मोठं दिसतं म्हणून सरांनी शंका काढली, तर वना म्हणाला, "आजून महिना शे, सर. म्हैस गरीब शे. कोनले काय करत नही."

सोमवारी जमना आली. उन्हात तापलेली ती म्हैस दारात क्षणभर थबकली, गार फरशीवर तिने एक खूर ठेवून पाहिला, आणि मग एखाद्या लग्नाच्या वऱ्हाडातल्या मोठ्या आत्याबाईंसारखी आत जाऊन पंख्याच्या बरोबर खाली बसली. साहेब आलेच नाहीत. त्यांची जीप कलेक्टरांच्या कामाला गेली होती. संध्याकाळी वना तिला न्यायला आला, तिच्या कानात बोलला, पाठीवर थाप मारली, शेपूट पिळलं, मग बाहेर येऊन कपाळावर हात मारून घेतला.

"तिले पंख्यानी सवय पडी गई, सर. उठत नही."

जळगावचा चैत्र ज्यांनी पाहिला आहे ते जमनेला नावं ठेवणार नाहीत. त्या दिवसांत शहरातली निम्मी माणसं जिथे पंखा दिसेल तिथे बसून राहतात आणि त्यांना कोणी म्हैस म्हणत नाही. पण सरांच्या घरात वरचा पंखा तेवढा एकच. मंगळवारी वीज गेली तेव्हा जमना अशी हंबरली की झुलालभाऊ अर्ध्या दाढीने बाहेर आले. प्रमोदला तिच्यापुढे पुठ्ठ्याने वारा घालत बसावं लागलं. बुधवारीही साहेब आले नाहीत. सर स्वतः कचेरीत जाऊन आले. वाघुळदेंनी शब्द दिला की उद्या नक्की.

उद्या म्हणजे गुरुवार. आबा येण्याचा दिवस.

बुधवारी रात्रीपर्यंत कॉलनीने सरांना भरपूर सल्ले दिले. कोणी म्हणालं, आबांना तार करून मी आजारी आहे म्हणून कळवा. कोणी म्हणालं, साहेबांना सांगा म्हैस आजारी आहे. झुलालभाऊंची योजना जास्त कायदेशीर होती: आबा आले की म्हैस बाहेर, साहेब आले की म्हैस आत. एकानंतर दुसरे येतील, दोघांची गाठ पडायचं कारण नाही. सर ऐकत होते. आयुष्यात पहिल्यांदा दोन माणसांना दोन गोष्टी सांगायची वेळ त्यांच्यावर येत होती, आणि दोन्ही अर्ध्या खऱ्या होत्या, हे त्यांना जास्त जाचत होतं.

गुरुवारी सकाळी जमनेने चारा खाल्ला नाही. ती उठत होती, फिरत होती, पुन्हा बसत होती. वनाला बोलावणं गेलं. तो दूध घालायला पिंप्राळ्याकडे गेलेला. आणि एवढ्यात धुळ्याच्या एसटीतून उतरून रिक्षाने देवचंद आबा दारात आले. धोतर, पांढरा सदरा, टोपी. पाठोपाठ, चहाचा पहिला घोट घेण्याआधी, जीपही आली आणि वाघुळदे फाईलसकट उतरले. झुलालभाऊंची योजना तिथेच संपली. ते स्वतःही अंगणातून दिसेनासे झाले.

सरांनी दोघांची ओळख करून दिली. हे आमचे होणारे व्याही. हे साहेब. कशाचे साहेब ते सांगितलं नाही. तिघे तसेच उभे असताना गुलाबी खोलीतून जमनेचा असा आवाज आला की आबांनी हातातली बशी खाली ठेवली. त्यांना कोणी वाट दाखवावी लागली नाही. ते आत गेले, मागे वाघुळदे, त्यांच्यामागे सर.

आबांनी म्हशीकडे एकदा पाहिलं आणि टोपी काढून प्रमोदच्या हाती दिली. सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. पारडू आडलं होतं. एक पाय बाहेर दिसत होता, दुसरा आत दुमडलेला. आबांनी गरम पाणी आणि गोडं तेल मागितलं. कुंदाबाई पळाल्या. आबा मोझॅकवर गुडघे टेकून बसले, जमनेच्या पाठीवर हात ठेवला, आणि तेवढ्यात त्यांची नजर वर गेली. गुलाबी भिंती, पंखा, भिंतीतलं कपाट, त्यात कुंदाबाईंनी हौसेने लावून ठेवलेला कुंकवाचा करंडा.

"सर," ते हळूच म्हणाले, "ही खोली कोनी शे?"

वाघुळदेंनी फाईल उघडली होती. पेन काढलं होतं. तेही उत्तराची वाट बघत होते. गोठा म्हणावं तर पोराचं लग्न मोडतं, खोली म्हणावं तर भिंती पडतात. झुलालभाऊ असते तर तिसरं काही सुचलं असतं. सरांना फक्त खरं तेवढं सुचलं.

"तुमच्या शैलाची आहे, आबा," ते म्हणाले. "परवानगी मात्र गोठ्याची आहे. आमची जागा शेतीत पडली. साहेब ते बघायला आलेत. म्हैस आमची नाही, दाखवायला आणली होती."

वाघुळदे लिहायला लागणार तोच आबा म्हणाले, "सायेब, ती फाईल खाले ठेवा आनि पाय धरा."

वाघुळदे कॉलेजात शिकले होते, परीक्षा देऊन नोकरीला लागले होते, आणि नियमावलीत या प्रसंगाविषयी काहीही नव्हतं. पण आबांच्या आवाजात असं काही होतं की त्यांनी फाईल पेंड ठेवण्याच्या ठिकाणी ठेवली आणि गुडघ्यावर बसले. आबांनी तेल लावलेला हात आत घालून दुमडलेला पाय हळूहळू सरळ केला, मग जमनेने कळ दिली की ओढायचं, थांबली की थांबायचं, असं ते साहेबांना सांगत गेले. सर म्हशीचं तोंड धरून होते. तिच्या डोळ्यात बघत ते काहीतरी पुटपुटत होते. प्रमोदच्या म्हणण्याप्रमाणे ती महाराष्ट्रातल्या नद्यांची नावं होती. शेवटी एक मोठी कळ आली, वाघुळदे मागच्या मागे फरशीवर आदळले, आणि त्यांच्या मांडीवर ओलं, काळं, थरथरणारं पारडू येऊन पडलं.

आबांनी पारडाचं नाक पुसलं, त्याला जमनेच्या तोंडाशी सरकवलं. ती चाटायला लागली. वाघुळदे तसेच बसून राहिले होते. त्यांच्या शर्टाची पार रया गेली होती आणि चेहऱ्यावर एक मोठं, निरुपयोगी हसू होतं.

हातपाय धुऊन झाल्यावर त्यांनी फाईल उचलली. सर दारात उभे होते. शिक्षा ऐकायला उभ्या असलेल्या पोरांचे चेहरे त्यांनी जन्मभर पाहिले होते, आज त्यांचा स्वतःचा तसा झाला होता. वाघुळदेंनी उभ्याउभ्या शेरा लिहिला आणि वाचून दाखवला. गोठा प्रत्यक्ष वापरात आढळला, एक म्हैस, एक पारडू. मग जीपमध्ये बसता बसता त्यांनी परत येऊन पारडी आहे की रेडा ते विचारलं आणि तेही लिहून घेतलं. पारडी होती.

राहिले आबा. ते ओट्यावर बसून बराच वेळ तंबाखू मळत होते. सरांनी धीर करून म्हटलं की आबा, खोली धुऊन काढू, फिनेल टाकू, पुन्हा रंग देऊ. आबांनी मान हलवली. व्यालेली म्हैस सव्वा महिना जागची हलवायची नसते, ते म्हणाले. आणि पत्रिका छापायला घ्या. सरांना आधी कळेना की या दोन वाक्यांचा एकमेकांशी काय संबंध. तो कळला लग्नात. आबांनी मुलीला कपाट दिलं नाही, पलंग दिला नाही. वनाकडून जमना विकत घेतली आणि पारडीसकट आंदण दिली. जागेवर म्हैस होतीच, जागा होतीच. न्यायचं-आणायचं काही राहिलं नव्हतं.

अशा रीतीने बाविस्करांच्या घरात सून आली, आणि सुनेच्या खोलीत म्हैस राहिली. पहिले दिवस अवघड गेले. नवं जोडपं गच्चीवर झोपे, सर ओट्यावर, कुंदाबाई देवांजवळ. शैलाची मात्र तक्रार नव्हती. ती पहाटे उठून धार काढी आणि जमनेशी इतकं बोले की प्रमोदला असूया वाटू लागली. सुरुवातीला उरलेलं दूध शेजारी वाटायला गेली ती हळूहळू रतीब घालू लागली. पाणी न घातलेलं दूध कसं लागतं हे ज्ञानदीप कॉलनी विसरून गेली होती. आठवण होताच सगळी कॉलनी किटल्या घेऊन दारात आली. पहिली किटली झुलालभाऊंची. वनालाही वाईट वाटलं नाही. त्याचं गिऱ्हाईक गेलं, पण जमनेला भेटायला तो रोज येई आणि पंख्याखाली घटकाभर बसून जाई.

पावसाळ्यानंतर प्रमोदने घरामागे स्वतःसाठी एक खोली बांधली. शनिवारी पाया, रविवारी भिंती. परवानगीचं काय, असं सरांच्या ओठांवर आलं होतं. पण ते त्या दिवशी मुद्दाम तिकडे फिरकले नाहीत, पेपर तपासत बसले.

दोन वर्षांनी सुधारित आराखडा मंजूर झाला. शेजारच्या कपाशीच्या शेतात कोणा वजनदार माणसाला मंगल कार्यालय काढायचं होतं, त्या ओघात सगळी हिरवी पट्टी पिवळी झाली. गिरधर स्वतः पेढे घेऊन सांगायला आला, सर, तुमचं घर आता नकाशावर आलं. कुंदाबाईंनी दारात रांगोळी घातली. आठवडा गेला आणि नोटीस आली. रहिवासी विभागात गोठा चालत नाही. तीस दिवसांत जनावरं हलवावीत आणि गोठा पाडावा. खाली सही वाघुळदेंची. घरामागच्या खोलीचा त्यात उल्लेख नव्हता. ती खोली कुठल्याच कागदावर नसल्यामुळे तिला पाडा असं म्हणायची कोणाला सोय नव्हती.

सरांना जेवण जाईना. इतकी वर्षं जागा बेकायदेशीर होती आणि गोठा कायदेशीर. आता जागा कायदेशीर झाली आणि गोठा बेकायदेशीर. शैला म्हणाली, मामा, तुम्ही काही लिहू नका, कुठे जाऊ नका. तरी ते अर्ज लिहायला बसले, आणि तिसऱ्या खोडाखोडीपर्यंत आले असताना वाघुळदे स्वतःच ओट्यावर येऊन उभे राहिले. त्यांनी मागच्याच महिन्यात कॉलनीत भाड्याने जागा घेतली होती.

सर उठून उभे राहिले. "साहेब, एकच सांगा. मी आता बेकायदेशीर माणूस आहे का?"

वाघुळदेंनी रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. झुलालभाऊंचा पुढे आलेला सज्जा, त्यापलीकडचा अर्धा रस्ता खाणारा ओटा, गच्चीवरची पत्र्याची शेड.

"सर," ते म्हणाले, "इथे सगळेच आहेत. विचारायला येणारे तुम्ही एकटे." नोटिशीची मुदत संपली की नियमाप्रमाणे दुसरी नोटीस देईन, तिची संपली की तिसरी, असंही त्यांनी सांगितलं. मग पाठीमागे धरलेली किटली पुढे केली आणि शैलाला म्हणाले की वहिनी, आज अर्धा लिटर जास्त द्या, घरी पाहुणे आहेत.

शैलाने माप भरलं. सरांनी तिच्या हातातून ते घेतलं आणि साहेबांच्या किटलीत काठोकाठ ओतलं, वर थोडं आणखी. आत पारडी, जी आता पारडी राहिली नव्हती, पंख्याखालून आईला ढकलत होती.